एफटीएस ५ लिनक्सवर चालतं, अँड्रॉइडवर नाही: एसक्यूलाइटचे फ्लॅग नेमके कुठे आणि कोणते लावायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी शब्दकोशाचं ॲप आहे, डेटाबेस एसक्यूलाइटचा. लिनक्सवर तयार केलेली एकच फाइल लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड आणि आयफोन अशी चारही ठिकाणी जाते. शोधासाठी एसक्यूलाइटचा एफटीएस ५ हा मजकूर शोधणारा भाग वापरलाय. लिनक्सवर सगळं नीट चालतं, अँड्रॉइडवर मात्र ‘नो सच मॉड्यूल: एफटीएस५’ असा एरर येतो. ग्रेडलमध्ये (अँड्रॉइडची बिल्ड व्यवस्था) सी-फ्लॅग, म्हणजे सी कंपायलरला दिलेली सूचना, म्हणून ‘एनेबल एफटीएस ५’ टाकून पाहिलं, काही फरक पडला नाही. शिवाय ‘शिफारस केलेल्या’ फ्लॅगची एक लांबलचक यादी हाती लागली आहे, ती अख्खी टाकावी का, असंही विचारलंय.

आधी नावांबद्दल एवढंच सांगतो की एसक्यूलाइटच्या जवळजवळ सगळ्या फ्लॅगच्या सुरुवातीला ‘एसक्यूलाइट’ आणि अंडरस्कोअर असतो. वाचायला सोपं जावं म्हणून मी तो गाळून फक्त पुढचा भाग देतोय. प्रत्यक्ष लिहिताना पूर्ण नाव रोमन कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून लिहायचं.

फ्लॅग बरोबर आहे, तुम्ही तो चुकीच्या दारात ठेवलाय. कंपाइल करतानाचा फ्लॅग तुमच्या ॲपला लागू होत नाही, डेटाबेसच्या फाइललाही लागू होत नाही. तो लागू होतो लायब्ररीच्या त्या एका प्रतीला, जी त्या क्षणी कंपाइल होत असते. तुमच्या कोटलिन कोडमध्ये अँड्रॉइडचे नेहमीचे डेटाबेस क्लास असतील, तर ते फोनमध्ये आधीच बसवलेली सिस्टिमची प्रत वापरतात. ती प्रत फोन बनवणाऱ्याने कंपाइल केली आहे. तुमच्या ग्रेडल फाइलमधला फ्लॅग तिच्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एसक्यूलाइटची सी फाइल नसेल, तर तो फ्लॅग कोणत्याच कोडला लागत नाही, आणि कंपायलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

म्हणून पहिलं काम फ्लॅग बदलण्याचं नाही. चारही ठिकाणी नेमकी कोणती प्रत चालते आहे हे त्या प्रतीलाच विचारायचं. चालू ॲपमधून, त्याच कनेक्शनवर, तीन गोष्टी विचारा: एसक्यूलाइट व्हर्जन, एसक्यूलाइट सोर्स आयडी (ही दोन्ही एसक्यूएल फंक्शनं आहेत), आणि ‘प्रॅग्मा कंपाइल ऑप्शन्स’ (प्रॅग्मा म्हणजे एसक्यूलाइटला माहिती विचारण्याची किंवा सेटिंग बदलण्याची खास आज्ञा). शेवटची प्रॅग्मा त्या प्रतीत कोणते फ्लॅग लागले आहेत त्यांची यादी देते, सुरुवातीचा ‘एसक्यूलाइट’ गाळून. टर्मिनलमध्ये एसक्यूलाइटचा शेल उघडून हे विचारू नका, कारण शेल ही आणखी एक वेगळीच प्रत असते. लिनक्सवर तर हा घोळ हमखास होतो: शेल एक, सिस्टिमची डायनॅमिक लायब्ररी दुसरी, आणि एखाद्या पॅकेजने आपल्या पोटात आणलेली तिसरी.

तुमच्या बाबतीत काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो. डेबियन किंवा उबुंटूच्या पॅकेजमध्ये एफटीएस ५ चालू असतं, म्हणून लिनक्सवर अडलं नाही. अँड्रॉइडच्या सिस्टिम प्रतीत एफटीएस ३ आणि ४ मिळतात, एफटीएस ५ वर भरवसा ठेवता येत नाही. रूम या अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीतही बराच काळ एफटीएस ३ आणि ४ यांच्यासाठीच ॲनोटेशन होती, ती याच कारणाने. ॲपलच्या सिस्टिम प्रतीची तऱ्हा आणखी वेगळी. उदाहरणार्थ, मॅकवरच्या प्रतीत बाहेरची एक्स्टेन्शन लोड करण्याची सोय बंद असते.

आता स्वतःची प्रत सोबत न्यायची की सिस्टिमची वापरायची? याचं एकच उत्तर नाही, ते तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. ॲप फक्त फोनसाठी असतं, डेटाबेस फोनवरच तयार होत असता आणि शोध साधा असता, तर मी म्हणालो असतो की एफटीएस ४ वर या, सिस्टिमची प्रत वापरा आणि ॲपचा आकार वाचवा. पण तुमची फाइल एका ठिकाणी बनते आणि चार ठिकाणी उघडते. तिथे फ्लॅगच्या जोडीला आवृत्तीचाही प्रश्न येतो. अँड्रॉइड ७ मध्ये एसक्यूलाइट ३.९ आहे, ८ मध्ये ३.१८, ९ मध्ये ३.२२, ११ मध्ये ३.२८, १२ मध्ये ३.३२ आणि १४ मध्ये ३.३९. शिवाय काही फोन कंपन्या यात आपापले बदल करतात. जनरेटेड कॉलम ३.३१ मध्ये आले, स्ट्रिक्ट टेबल ३.३७ मध्ये. म्हणजे लिनक्सवर एक स्ट्रिक्ट टेबल बनवून फाइल पाठवली, तर अँड्रॉइड १२ ची सिस्टिम प्रत ‘मालफॉर्म्ड डेटाबेस स्कीमा’ म्हणून अख्खी फाइल नाकारेल, तुम्ही त्या टेबलला हातही लावला नाही तरी. एफटीएस ५ च्या गैरहजेरीत निदान बाकीची टेबलं वाचता तरी येतात. तिथेही एक खाच आहे: मूळ टेबलवर, शोधाची अनुक्रमणिका ताजी ठेवण्यासाठी ट्रिगर लावला असेल, तर त्या साध्या टेबलात एक ओळ घालतानाही ‘नो सच मॉड्यूल’ येतं, कारण ट्रिगरमधलं एसक्यूएल तयार करताना एफटीएस टेबल लागतं.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. चारही ठिकाणी एकाच आवृत्तीची, एकाच फ्लॅगच्या संचाने कंपाइल केलेली स्वतःची प्रत न्या. अँड्रॉइडवर त्यामुळे दर प्रोसेसर प्रकारामागे एखाद एमबी वाढेल. शब्दकोशाच्या डेटापुढे ते किरकोळ आहे.

फ्लॅग कुठे लिहायचे हा यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. बहुतेक जण ते त्या त्या बिल्ड सिस्टिममध्ये लिहितात: लिनक्स-विंडोजसाठी सीमेकमध्ये, अँड्रॉइडसाठी ग्रेडलमध्ये, आयफोनसाठी एक्सकोडच्या प्रीप्रोसेसर मॅक्रोंमध्ये किंवा स्विफ्ट पॅकेजच्या सी-सेटिंगमध्ये. चार याद्या झाल्या की सहा महिन्यांत चारही वेगळ्या होतात. कुणीतरी लिनक्सवर एक फ्लॅग वाढवतो, बाकी तीन ठिकाणी विसरतो. त्यापेक्षा एक छोटी सी फाइल करा. तिच्यात वर सगळे फ्लॅग ‘डिफाइन’ने लिहा आणि शेवटच्या ओळीत एसक्यूलाइटची अमाल्गमेशन फाइल, म्हणजे ती दोन लाखांहून जास्त ओळींची एकसंध सी फाइल, ‘इन्क्लूड’ करा. बिल्डच्या सोर्स यादीत फक्त तुमची ही छोटी फाइल द्यायची. मूळ अमाल्गमेशन फाइल यादीत द्यायची नाही, नाहीतर प्रत्येक फंक्शन दोनदा सापडून लिंकर ‘डुप्लिकेट सिम्बॉल’ची रांग लावेल. एक्सकोडमध्ये फाइल ओढून टाकली की ती आपोआप टार्गेटमध्ये जाते, तिथली टार्गेट मेंबरशिपची खूण काढावी लागते. स्विफ्ट पॅकेजमध्ये ती ‘एक्स्क्लूड’ यादीत टाका. इन्क्लूड तरीही होते.

या पद्धतीचा फायदा असा की बिल्ड सिस्टिम कोणतीही असो, सी कंपायलर तीच फाइल वाचतो. फ्लॅगचा बदल एका ठिकाणी होतो आणि कोडच्या इतिहासात एका ओळीच्या फरकाने दिसतो. प्रत्येक फ्लॅगशेजारी तो का लावला याची एक ओळीची टीप लिहायला जागाही मिळते. कमांडलाइनवरच्या फ्लॅगला ती सोय नसते.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही फ्लॅग हेडरमध्येही बदल घडवतात. ‘एनेबल प्रीअपडेट हुक’ आणि ‘एनेबल सेशन’ ही त्याची उदाहरणं: हेडरमधली त्यांची फंक्शनं फ्लॅग असेल तरच दिसतात, त्यामुळे ती वापरणाऱ्या तुमच्या ॲपच्या कोडलाही तोच फ्लॅग दिसायला हवा. असे फ्लॅग वेगळ्या छोट्या हेडरमध्ये काढा आणि ते हेडर दोन्हीकडे घ्या. सीमेकच्या भाषेत, फक्त लायब्ररीला लागणारे ‘प्रायव्हेट’ आणि वापरणाऱ्यालाही लागणारे ‘पब्लिक’. याच्या उलटही घडतं: ‘एनेबल कॉलम मेटाडेटा’ची फंक्शनं हेडरमध्ये कायम असतात, पण फ्लॅग नसेल तर लायब्ररीत नसतात. तिथे कंपाइल बिनबोभाट होतं आणि लिंक करताना अडतं. सुदैवाने एसक्यूलाइटचे स्ट्रक्चर बाहेरून झाकलेले आहेत, त्यामुळे फ्लॅग जुळले नाहीत तरी स्ट्रक्चरचा आकार चुकून मेमरी बिघडत नाही. एम्बेड टीएलएससारख्या (एन्क्रिप्शनच्या) लायब्ररीत हा दिलासा नाही. तिथे कॉन्फिगरेशनची हेडर फाइल लायब्ररीला एक आणि ॲपला दुसरी मिळाली, तर स्ट्रक्चरचे आकारच वेगळे होतात आणि ॲप भलत्याच ठिकाणी कोसळतं.

आता फ्लॅग लिहूनही तो लागत नाही, असं का होतं ते बघू. पहिलं कारण टायपिंगची चूक. ‘एफटीएस’च्या जागी ‘एफएसटी’ लिहिलं तरी कंपायलरला तो एक नवा, निरुपद्रवी मॅक्रो वाटतो. इशारा मिळत नाही. म्हणून कंपाइल यशस्वी झालं हा पुरावा धरू नका, ‘प्रॅग्मा कंपाइल ऑप्शन्स’मध्ये नाव दिसलं तरच फ्लॅग लागला.

दुसरं, शून्य. ‘एनेबल एफटीएस ५’ला शून्य किंमत दिली की तो बंद होईल असं वाटतं, पण एसक्यूलाइटचे ‘एनेबल’ आणि ‘ओमिट’ या वर्गातले बहुतेक फ्लॅग किंमत बघत नाहीत, मॅक्रो अस्तित्वात आहे का एवढंच बघतात. शून्य दिलं तरी तो चालूच होतो. बंद ठेवायचा असेल तर तो लिहायचाच नाही. याउलट ‘थ्रेडसेफ’, ‘डीक्यूएस’, ‘टेम्प स्टोअर’ आणि ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारे फ्लॅग किंमत बघतात. तुमच्या बिल्डमध्ये ‘सीमेकचा ऑन-ऑफ पर्याय एक किंवा शून्य म्हणून पाठव’ अशी ओळ असेल, तर इथे ती घात करेल.

तिसरं, सीमेकची कॅश. ‘ऑप्शन’ने ठरवलेली किंमत पहिल्यांदा कॅशमध्ये जाऊन बसते. नंतर सीमेकच्या फाइलमधली मूळ किंमत बदलली तरी जुन्या बिल्ड फोल्डरमध्ये जुनीच चालते. अँड्रॉइड स्टुडिओत ही कॅश मॉड्यूलच्या आत ‘डॉट सीएक्सएक्स’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. शंका आली की ते फोल्डर उडवा आणि नव्याने बिल्ड करा. वर सांगितलेल्या एका सी फाइलच्या पद्धतीत फ्लॅग सीमेकमधून जातच नाहीत, त्यामुळे हा त्रास उरत नाही.

लिंकिंगचं थोडक्यात. एफटीएस ५ ला गणिताची लायब्ररी लागते, कारण निकालांना क्रम देणाऱ्या बीएम २५ मध्ये लॉगॅरिदम आहे. लिनक्स आणि अँड्रॉइडवर लिंक करताना ‘एलएम’ द्यायला विसरलात तर ‘लॉग’ सापडत नाही असा एरर येईल. विंडोजवर डीएलएल करत असाल तर ‘एपीआय’ या मॅक्रोला ‘डिक्लस्पेक डीएलएलएक्सपोर्ट’ ही किंमत द्या, नाहीतर डीएलएल तयार होईल पण तिच्यातून एकही फंक्शन बाहेर दिसणार नाही. अँड्रॉइडच्या डायनॅमिक लायब्ररीला सिस्टिमच्या लायब्ररीचं नाव देऊ नका, वेगळं ठेवा. आणि एनडीके (अँड्रॉइडसाठी सी कोड कंपाइल करण्याचा संच) २८ किंवा त्यापुढचा वापरा. त्यात १६ केबीच्या मेमरी पानांसाठी लागणारी मांडणी आपोआप होते. अँड्रॉइड १५ आणि पुढच्यांना लक्ष्य करणाऱ्या ॲपसाठी प्ले स्टोअरने नोव्हेंबर २०२५ पासून ती बंधनकारक केली आहे.

अँड्रॉइडवर स्वतःची प्रत नेली की हमखास भेटणारी आणखी एक अडचण म्हणजे तात्पुरत्या फाइली. मोठी क्रमवारी लावताना, इंडेक्स बनवताना किंवा व्हॅक्यूम करताना एसक्यूलाइटला तात्पुरती जागा हवी असते. ती ‘/टीएमपी’ वगैरे युनिक्सची नेहमीची ठिकाणं शोधते, अँड्रॉइडवर ती नसतात, आणि मग ६४१० क्रमांकाचा एरर येतो. छोट्या डेटावर चाचणी केली तर हे कधीच दिसत नाही, खऱ्या डेटावर दिसतं. उपाय म्हणजे ‘टेम्प स्टोअर’ला २ किंवा ३ किंमत देणं. दोनने तात्पुरता डेटा मेमरीत जातो पण प्रॅग्माने बदलता येतो, तीनने तो कायम मेमरीतच राहतो. मी २ देतो. डेस्कटॉपवर फार मोठ्या क्रमवारीसाठी फाइलकडे वळण्याचा रस्ता मोकळा असलेला बरा.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तिच्याकडे येतो. स्वतःची प्रत आणली म्हणजे एका प्रोसेसमध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती झाल्या, तुमची आणि सिस्टिमची. दोघींनी वेगवेगळ्या फाइली उघडल्या तर काहीही बिघडत नाही. एकच फाइल दोघींनी उघडली तर डेटाबेस खराब होऊ शकतो. कारण पॉझिक्स लॉकच्या नियमात आहे. युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवर फाइलचं हे लॉक अख्ख्या प्रोसेसच्या नावावर असतं, आणि त्या प्रोसेसने त्या फाइलचा कोणताही एक डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला सिस्टिमने दिलेला क्रमांक) बंद केला की त्या फाइलवरची त्या प्रोसेसची सगळी लॉक सुटतात. एसक्यूलाइटला हे माहीत आहे, म्हणून ती उघड्या फाइलींची एक यादी ठेवते आणि लॉक चालू असताना डिस्क्रिप्टर बंद करणं पुढे ढकलते. पण ही यादी दर प्रतीची वेगळी असते. समजा तुमच्या प्रतीचं लिहिणं अर्ध्यात आहे, आणि कोटलिनच्या जुन्या कोडने सिस्टिमच्या प्रतीतून तीच फाइल उघडून, एक ओळ वाचून बंद केली. तुमच्या प्रतीचं लॉक त्या क्षणी गेलं आणि तिला पत्ताही लागला नाही. दुसरी एखादी प्रोसेस आता बेधडक लिहू शकते. ही चूक चाचणीत सापडत नाही, वापरणाऱ्यांच्या फोनवर महिन्यातून एखादी खराब फाइल म्हणून दिसते. त्यामुळे बदल करायचा तर पूर्ण करा: त्या फाइलला हात लावणारा सगळा कोड नव्या प्रतीवर आणा, बॅकअपचा आणि डीबगिंगचाही. एसक्यूलाइट प्रकल्पाची स्वतःची अँड्रॉइड बाइंडिंग आहेत, त्यांचे क्लास जुन्या अँड्रॉइड क्लाससारखेच असल्याने बहुतांश काम ‘इम्पोर्ट’ बदलण्यावर भागतं. अँड्रॉइडएक्समध्ये सोबत बांधलेल्या एसक्यूलाइटचा ड्रायव्हरही मिळतो. तो घेतलात तर फ्लॅग त्यांचे असतील, तेव्हा आधी प्रॅग्माने यादी तपासा.

आयफोनवर हाच प्रश्न लिंकिंगच्या क्रमातून येतो. तुमची प्रत स्टॅटिक आहे आणि एखादा तिसराच एसडीके सिस्टिमची एसक्यूलाइट लिंक करायला सांगतो. फंक्शनांची नावं सारखीच, त्यामुळे लिंकर जी आधी सापडेल ती घेतो. बिल्ड हिरवा, ॲप चालू, पण कोड सिस्टिमच्या प्रतीत जातोय. एफटीएस ५ च्या बाबतीत हे फारसं धोक्याचं नाही, एरर तरी येईल. एसक्यूसायफर, म्हणजे डेटा एन्क्रिप्ट करणारी एसक्यूलाइट, वापरणाऱ्यांना मात्र हे फार महागात पडतं. एसक्यूलाइट अनोळखी प्रॅग्मा मुकाट्याने सोडून देते, म्हणून सिस्टिमच्या प्रतीला ‘प्रॅग्मा की’ दिली की एरर येत नाही, आणि डेटा एन्क्रिप्ट न होता उघडा लिहिला जातो. तिथे ‘प्रॅग्मा सायफर व्हर्जन’ रिकामं आलं तर ॲपने तिथेच थांबायला हवं.

यावरून तपासणीचा भाग येतो. ॲप सुरू होताना, निदान डीबग बिल्डमध्ये, दोन गोष्टी पडताळा. हेडरमधला सोर्स आयडी आणि चालू लायब्ररीने सांगितलेला सोर्स आयडी सारखा आहे का? नसेल तर हेडर एका प्रतीचं आणि कोड दुसरीचा आहे. आणि मेमरीतल्या रिकाम्या डेटाबेसमध्ये एफटीएस ५ चं एक टेबल खरोखर बनवून बघा. फ्लॅगचं नाव यादीत असण्यापेक्षा सोय प्रत्यक्ष चालणं हा पक्का पुरावा. त्याशिवाय स्वयंचलित चाचणीत चारही प्लॅटफॉर्मवर कंपाइल ऑप्शनची यादी फाइलमध्ये लिहून एकमेकींशी ताडा. कंपायलरचं नाव आणि आवृत्तीची ओळ, तसंच म्युटेक्सच्या प्रकारासारख्या प्लॅटफॉर्मनुसार बदलणाऱ्या ओळी आधी वगळा, त्या वेगळ्या असणारच. बाकी कुठेही फरक दिसला तर बिल्ड नापास करा.

आता तुमची लांबलचक यादी. ती अख्खी टाकू नका. त्यातले बरेच फ्लॅग एसक्यूलाइटच्या स्वतःच्या शिफारशींमधलेच आहेत आणि चांगले आहेत, पण प्रत्येकामागे एक अट आहे.

‘थ्रेडसेफ शून्य’ने सगळे म्युटेक्स (दोन थ्रेडना एकाच वेळी आत येऊ न देणारी कुलपं) निघून जातात, वेग थोडा वाढतो. ॲपमध्ये डेटाबेसला हात लावणारा थ्रेड एकच असेल तरच तो योग्य. अँड्रॉइड ॲपमध्ये मागे चालणारे थ्रेड असतातच, तिथे हा फ्लॅग म्हणजे कधीतरी, कुठेतरी, पुन्हा करून न दाखवता येणारा क्रॅश. एकदा शून्य केलं की चालू असताना म्युटेक्स परत आणता येत नाहीत. १ ही मूळ किंमत तशीच ठेवा, वेग हवा असेल तर कनेक्शन उघडताना ‘नो म्युटेक्स’चा पर्याय द्या आणि एक कनेक्शन एका वेळी एकाच थ्रेडकडे राहील याची जबाबदारी तुम्ही घ्या. माझा सर्वसाधारण नियमही तोच आहे: जे चालू असताना ठरवता येतं ते कंपाइल करताना गोठवू नये. ‘डिफॉल्ट फॉरिन कीज’ हे त्याचं चांगलं उदाहरण. फ्लॅग लावून फॉरिन कीची तपासणी चालू केलीत, तर ती तुमच्या प्रतीतच चालू असते. तीच फाइल कुणी दुसऱ्या प्रतीने उघडून बदलली तर नियम लागू होत नाहीत, आणि कोड वाचणाऱ्याला हे कुठे ठरतंय ते दिसतही नाही. कनेक्शन उघडल्यावर लगेच प्रॅग्माने ते चालू करा.

‘डीक्यूएस शून्य’ मला मनापासून आवडतो, नव्या प्रोजेक्टमध्ये तो लावाच. एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणात आणि कॉलमची नावं दुहेरीत लिहायची असतात. एसक्यूलाइट जुन्या सवयीने दुहेरीतला अनोळखी शब्द मजकूर समजून चालवून घेते, त्यामुळे कॉलमच्या नावात चूक झाली तरी एरर न येता चुकीचे निकाल येतात. शून्य केलं की ही सवलत बंद. पण जुना कोड असेल तर आधी झडती घ्या: जिथे गाव बरोबर दुहेरी अवतरणात ‘पुणे’ असं लिहिलंय तिथे आता ‘नो सच कॉलम: पुणे’ येईल.

‘ओमिट ऑटोइनिट’ लावला तर इतर काहीही करण्याआधी ‘इनिशियलाइज’ फंक्शन तुम्ही स्वतः बोलवायचं. विसरलात तर ॲप कोसळेल, आणि तुमच्यासाठी ते बोलवायची काळजी प्रत्येक रॅपर घेतोच असं नाही. मिळणारा फायदा नगण्य आहे, सोडून द्या. ‘ओमिट डिक्लटाइप’ आणि ‘ओमिट प्रोग्रेस कॉलबॅक’ लायब्ररीतून फंक्शनंच काढून टाकतात. वर वापरलेल्या रॅपरला ती लागत असतील तर लिंकिंग अडेल. रॅपर तुमचा नसेल तर हेही नकोत.

‘ओमिट’ घराण्याबद्दल एकूणच सावध राहा. आकार कमी करायचा म्हणून लोक ते भराभर लावतात. त्यातले कित्येक तयार अमाल्गमेशनवर चालतच नाहीत, कारण एसक्यूएलचा पार्सर लेमन नावाच्या जनरेटरने आधीच तयार करून त्या फाइलमध्ये घातलेला असतो. कीवर्ड काढायचे तर मूळ वेगवेगळ्या सोर्स फाइलींपासून, तेच फ्लॅग देऊन अमाल्गमेशन पुन्हा बनवावी लागते. शिवाय एसक्यूलाइटच्या कागदपत्रांत हे फ्लॅग अधिकृत पाठबळाशिवायचे आहेत असं स्पष्ट म्हटलंय, त्यांच्या सगळ्या जोड्या तपासलेल्या नसतात. आकारासाठी कंपायलरचं ‘ओएस’ (-Os) ऑप्टिमायझेशन पुरेसं आहे.

‘एनेबल आयसीयू’ यादीत असेल तर मराठी क्रमवारीच्या मोहाने तो लावावासा वाटेल. तुमच्या बाबतीत मी लावणार नाही. आयसीयू ही भाषेनुसार क्रमवारी लावण्यासारख्या कामांची वेगळी मोठी लायब्ररी आहे, तिचे क्रमवारीचे नियम आवृत्तीगणिक बदलू शकतात. लिनक्सवर एका आवृत्तीने बांधलेला इंडेक्स फोनवर दुसऱ्या आवृत्तीने वाचला, तर इंडेक्सचा क्रम आणि तुलनेचा क्रम जुळत नाही आणि टेबलात असलेला शब्द शोधात सापडत नाही. शब्दकोशासाठी त्याहून सोपा मार्ग असा: फाइल बनवतानाच प्रत्येक नोंदीला वर्णक्रमाचा एक पूर्णांक देऊन ठेवायचा आणि क्रमवारी त्या कॉलमवर लावायची. तो चारही ठिकाणी सारखाच राहतो.

म्हणजे तुमची यादी आटोपशीर उरते: एनेबल एफटीएस ५, टेम्प स्टोअर २, डीक्यूएस शून्य, थ्रेडसेफ १. त्यात ‘डिफॉल्ट मेमस्टेटस शून्य’ घालायला हरकत नाही, मेमरीची मोजदाद बंद होऊन थोडा वेग मिळतो, फक्त मग हीप मर्यादेची फंक्शनं वापरता येत नाहीत. जेसनसाठी ३.३८ पासून फ्लॅग लागत नाही, तो मुळातच चालू आहे. यादीत ‘एनेबल जेसन १’ दिसत असेल तर ती यादी जुनी आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण फ्लॅग लागल्यावर लगेच अडणार आहे. एफटीएस ५ चा मूळचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) युनिकोड ६१ फक्त अक्षरं, अंक आणि खासगी वापराचे वर्ण यांनाच शब्दाचा भाग धरतो. देवनागरीतल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये ‘मार्क’ या गटात येतात, म्हणून टोकनायझर त्यांना शब्द तोडणारी चिन्हं समजतो. ‘मराठी’चे दोन तुकडे होतात: ‘मर’ आणि ‘ठ’. ‘मराठा’ आणि ‘मराठे’ यांचेही नेमके तेच. म्हणून ‘मराठी’ शोधलं की तिन्ही शब्द सापडतात. एफटीएस ४ चा मूळचा ‘सिंपल’ टोकनायझर १२८ च्या पुढचे सगळे वर्ण शब्दात धरतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नव्हता, आणि ४ वरून ५ वर आलेल्यांना शोध अचानक बिघडल्यासारखा वाटतो. उपाय टेबल बनवतानाच करायचा: टोकनाइजच्या पर्यायात ‘युनिकोड ६१’पुढे ‘कॅटेगरीज’ लिहून नेहमीच्या एल-तारांकित, एन-तारांकित आणि सीओ या गटांना एमसी आणि एमएन हे मार्कचे दोन गट जोडा. यासाठी कोणताही फ्लॅग लागत नाही.

जोडीला, मजकूर भरताना आणि शोधताना तो एकाच रूपात आणा. ‘तऱ्हा’मधला अर्धा र काही कीबोर्डवर स्वतंत्र ऱ वर्णाने टाइप होतो, काहींवर साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर अशा तिकडीने. पडद्यावर दोन्ही सारखे, टोकनायझरला वेगळे. हे रूपांतर तुमच्या कोडमध्ये, दोन्ही बाजूंना एकाच फंक्शनने करा. आणि टोकनायझर बदलला की जुनं एफटीएस टेबल काढून नव्याने बनवावं लागतं. ‘रिबिल्ड’ आज्ञा जुन्याच टोकनायझरने अनुक्रमणिका पुन्हा उभी करते. फाइल तुम्ही लिनक्सवर बनवून पाठवता, त्यामुळे हे काम तिथे एकदाच होईल. फक्त ‘यूजर व्हर्जन’ प्रॅग्माचा आकडा वाढवा, म्हणजे फोनवरचं ॲप जुनी फाइल ओळखून नवी उतरवून घेईल.